काकांना मिशा नव्हत्या

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत एका शेडमध्ये, अर्ध्या रंगवलेल्या गणपतींच्या मागं, आमच्या थोरल्या काकांचा अर्धपुतळा ठेवला होता. मी तो बघितला आणि आधी तोंडातून शिवी निघाली, मग हसू आलं. पुतळ्याला मिशा होत्या. त्याही साध्यासुध्या नव्हेत, पार कानाकडं वळवलेल्या, पीळ दिलेल्या. डोक्याला फेटा. छाती अशी फुगवलेली की सदऱ्याची बटणं तुटून समोरच्याच्या डोळ्यात जातील.

"हे कोण ओ पावणं?" मी मूर्तिकाराला विचारलं.

"तुमचंच काका की. तुमच्या भावानं फोटू दिलाय."

त्यानं मोबाईल पुढं केला. फोटो आमच्या आबांचा होता. आबा म्हणजे माझे आजोबा, ज्यांचा पुतळा करायचा होता त्यांचे वडील. लढाईच्या काळात पाणबुडीवरून समुद्रात गेलेल्या माणसाला या लोकांनी त्याच्या बापाचं तोंड लावलं होतं. मूर्तिकाराची काही चूक नव्हती, त्याला जे दिलं ते त्यानं केलं.

तिथूनच भावाला फोन लावला. भाऊ म्हणजे माझ्या मधल्या काकांचा मुलगा, गल्लीतल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. वय पंचावन्नच्या पुढं गेलं तरी मंडळ तरुणच आहे. "आक्का, काकांचा एकच फोटू हाय," तो म्हणाला, "त्यात त्ये लई बारीक दिसत्यात. तोंडावर तेजच न्हाय. आबांचं आन त्यांचं नाक सारखंच हाय की. घराण्याचा चेहरा हाय!"

मी म्हटलं, अरे बाबा, त्या काळी नौदलात नुसत्या मिशा चालत नव्हत्या. ठेवायच्या तर दाढीसकट ठेवायच्या, नाहीतर सगळं सफाचट. काका कायम गुळगुळीत दाढी करायचे.

"आक्का, बिनमिशीचा हुतात्मा आपल्या गल्लीत कोण मानतंय गं?"

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला, त्याला मांडववाल्याकडं जायचं होतं. मी उचगावात मिरची कांडपाचा डंक चालवते. दिवसभर तिखटाच्या खकाण्यात बसून माझं डोकं तसंही तापलेलंच असतं, पण त्या दिवशी घरी जाईपर्यंत माझ्या कानशिलातून जाळ निघत होता.

आता काका कोण होते ते सांगते, कारण गल्लीत कुणाला विचारून उपयोग नाही.

आबांना थोरला मुलगा पैलवान करायचा होता. गल्लीत तालीम होती, घरात म्हशी होत्या, दूध-तूप-बदाम सगळं झालं, पण काकांच्या अंगाला काही लागेना. लाल मातीत उतरले की कुणीही यायचा आणि त्यांना उचलून टाकायचा. आबांनी शेवटी "खुराक वाया गेला" असं चारचौघांत जाहीर केलं आणि मुलाकडं बघायचं सोडलं. काका चुपचाप भरतीला गेले आणि नौदलात लागले. तेव्हा मात्र आबांना अचानक मुलगा आठवला. सगळ्या गल्लीला पेढे वाटले. पेढे खाऊन झाल्यावर कळलं की पोराला स्वयंपाकी म्हणून घेतलंय.

आबांच्या तोंडचं पाणी पळालं. पेढे काही परत मागता येत नव्हते. मग त्यांनी मर्द गड्यासारखं खोटं बोलायचं ठरवलं आणि काका तोफेवर आहेत असं सांगून टाकलं. पुढं काका पाणबुडीवर गेले तेव्हा आबांची जरा पंचाईत झाली. पण गल्लीतल्या एका मास्तरांना टॉर्पेडो हा शब्द ठाऊक होता. तेवढ्यावर आबांचं भागलं. त्या दिवसापासून काका टॉर्पेडो सोडायला लागले.

आमच्या घरात पुरुषमाणूस स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे. पाण्याचा तांब्यासुद्धा बाहेर आणून द्यायचा. चुलीशी बसणाऱ्या गड्याला आबांकडं एकच शब्द होता, बायल्या. आणि त्यांचाच थोरला पोरगा तिकडं पाण्याखाली, म्हणे, एवढ्या माणसांना दोन वेळचं शिजवून घालत होता. आबांना रात्री झोप कशी लागायची कोण जाणे. पण लागायची, चांगली घोरत झोपायचे.

काकी कबनूरची. तिचे वडील मागावर रात्रपाळी करायचे आणि सकाळी घरी येऊन स्वतःच्या भाकरी स्वतः थापायचे, त्यामुळं नवरा स्वयंपाकी आहे हे कळल्यावर तिला त्यात नवल असं काहीच वाटलं नाही. काका सुट्टीवर आले की दुपारी आबा तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. ते गेले की काका हळूच स्वयंपाकघरात शिरायचे आणि काकीपुढं पाटावर बसायचे. त्यांना डाळ, भात, पुऱ्या, मटण सगळं येत होतं, पण ते सरकारी शिकवणीतलं. खाणारे सगळे नाक मुरडायचे. त्यांना हाताला चव पाहिजे होती. म्हणून ते विचारायचे, कांदा कधी काढायचा, चटणी कधी टाकायची, आमटीला कट कसा येतो, तेल कमी असलं तर काय करायचं. काकी सांगायची. बदल्यात त्यांनी तिला इडली-सांबार शिकवलं, बोटीवरच्या मद्रासी सोबत्यांकडून शिकलेलं. घरात तिनं ते शेजारणीकडून शिकले म्हणून सांगितलं. दाराची कडी वाजली की काका मागच्या दारानं परसात जायचे आणि आबा आत येईपर्यंत म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभे राहायचे. आबांना वाटायचं, पोराचा जनावरांवर जीव आहे.

त्या दोघांचं लग्न म्हणजे त्या मोजक्या सुट्ट्यांतल्या त्या दुपारच्या वेळा. बाकी सगळा वेळ घरातल्या लोकांचा, पाव्हण्यारावळ्यांचा आणि देवधर्माचा. हे मला काकीनंच सांगितलंय. माझी आई लवकर गेली, मला काकीनं वाढवलं, आणि घरातल्या वाटण्या झाल्यावर मी तिला उचगावला माझ्याकडं घेऊन आले. ती डंकावर मिरच्यांची देठं काढत बसते आणि बोलत बसते. तिच्याकडून एकच गोष्ट शंभरदा ऐकली तरी मला कंटाळा येत नाही.

एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा काका समुद्रात होते. मग तार आली. लढाई संपल्यावर काही महिन्यांनी त्यांच्या बोटीवरचा एक कोकणातला खलाशी त्यांची पेटी घेऊन घरी आला. मी तेव्हा शाळेत जायला लागले होते, मला तो माणूस नीट आठवतो. हडकुळा, लाजरा. बोलताना हातातली टोपी फिरवत राहायचा. आबांनी त्याला सोप्यात बसवलं आणि त्याचं ऐकायला निम्मी गल्ली गोळा केली. काकी दाराआड उभी होती आणि मी तिच्या लुगड्याला धरून.

तो सांगायला लागला. पाणबुडीतलं स्वयंपाकघर कपाटाएवढं. उकाडा असा की भांड्यापेक्षा माणूस जास्त घामेजतो. बोट पाण्याखाली असली की फोडणी द्यायची नाही, धूर कुठं जाणार, सगळ्यांनी तीच हवा पुन्हा पुन्हा घ्यायची असते. आणि शत्रूचं जहाज डोक्यावर आलं की मग आवाजच करायचा नाही. पळी पडली तरी वर ऐकू जाईल. म्हणून काकांनी सगळ्या पळ्या-डावांच्या दांड्यांना चिंध्या गुंडाळून ठेवल्या होत्या. अशा वेळी चूल बंद. सगळे आपापल्या जागी श्वास धरून, आणि काका अनवाणी, एकेकाच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवत फिरायचे. घरून नेलेला गूळ. त्या खलाशानं सांगितलं, "वर घरघर चालू असायची आणि हे खुणेनं विचारायचे, आणखी पाहिजे का?"

आबांची चुळबूळ सुरू झाली. गल्लीतले लोक टॉर्पेडोची वाट बघत होते आणि इथं गूळ-शेंगदाणे चालले होते. कुणीतरी विचारलंच, "आन त्यांनी बोट कुटली बुडीवली?" खलाशी गोंधळला. तो म्हणाला, "नाही, ते तर खरकटं टाकायला वर..." आबा ताडकन उठले. "चहा आणा रं पावण्यास्नी!" असं ओरडले, आणि चहा व्हायच्या आत सगळ्यांना घालवून दिलं. पावण्यालाही.

उरलेलं त्यानं मागच्या दारात काकीला सांगितलं. रात्री बोट वर यायची, बॅटऱ्या भरून घ्यायला. तेव्हा दिवसभराचं खरकटं, रिकामे डबे, कांद्याची टरफलं गोणत्यात भरून समुद्रात सोडायचं काम स्वयंपाक्याचं. गोणत्यात वजन घालून तोंड घट्ट शिवायचं, म्हणजे ते तळाला जातं. एक डबा जरी तरंगत राहिला तरी सकाळी शत्रूला कळतं, इथं पाणबुडी आहे. त्या रात्री समुद्र खवळलेला होता. एक गोणतं बोटीच्या कडेला अडकून फाटलं. काका ते सोडवायला खाली बोटीच्या पाठीवर उतरले. ते त्यांनी सोडवलं, बुडवलं, आणि पुढची लाट त्यांना घेऊन गेली. लढाई चालू होती, दिवा लावता येत नव्हता. अंधारात शोधता आलं तेवढं शोधलं आणि बोटीला खाली जावं लागलं. खलाशी म्हणाला, "वहिनी, सकाळी पाण्यावर काही दिसलं नाही. सगळं व्यवस्थित बुडालं होतं. म्हणून आम्ही परत आलो." एवढं सांगून तो रडायला लागला आणि काकीनंच त्याला पाणी दिलं.

आबांनी त्या रात्री घरात सगळ्यांना बजावलं. खरकटं हा शब्द पुन्हा कुणाच्या तोंडातून आला तर जीभ हासडीन. देह नव्हता म्हणून नदीकाठावर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी दिला. या घरानं काकांचे दोन पुतळे केले. त्यातल्या पहिल्याला निदान मिशा तरी नव्हत्या.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला तोड नाही. आबांच्या सांगण्यात काकांनी शत्रूचं एक जहाज बुडवलं आणि त्या झटापटीत ते गेले. आबा गेल्यावर मधल्या काकांच्या तोंडी दोन जहाजं झाली. भावाच्या हातात कारभार आल्यावर तीन, त्यातलं एक विमानं वाहून नेणारं. काकांनी मेल्यावर जितकी जहाजं बुडवली तितकी सगळ्या आरमाराला जिवंतपणी जमली नसतील. दर म्हाळाला कावळ्याला पान ठेवायचं आणि पंगतीत एकेक जहाज वाढवायचं. आणि काकी तिथंच वाढत असायची. तिला कुणी विचारत नव्हतं, ती बोलायला गेली की कुणीतरी म्हणायचं, "काकी, आमटी आण की जरा."

गेल्या वर्षी भावाला नगरसेवक व्हायची हुक्की आली. नालीचं काम नाही, दिव्याचं नाही, कधी कुणाच्या मयतीला खांदा दिलेला नाही, मग मतं कशावर मागायची? तेव्हा त्याला घरातला हुतात्मा सापडला. चौकाला नाव द्यायचं, पुतळा बसवायचा, वीरपत्नीचा सत्कार करायचा. पेढ्याचा बॉक्स घेऊन डंकावर आला. येताना दोन पोरं, फोटो काढायला. काकीच्या पाया पडला ते उठेचना, कारण एका पोराचा फोटो हलला होता.

काकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कर. पर फलकावर सैपाकी लिव."

"काकी, त्ये कसं दिसंल?"

"दिसूदे कसं दिसायचं त्ये. पाणबुडीवर सैपाकी हुतं, एवढं लिवलंस तर मी येतो. न्हाईतर न्हाई."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी मिरचीचं पोतं सोडायला लागले. शेवटी त्यानं गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली, अंबाबाईची. तो गेल्यावर मी काकीला विचारलं, एवढं का लावून धरलंस? आता इतक्या वर्षांनी कुणाला काय पडलंय? ती देठं काढत होती ती थांबली. "त्ये सैपाकी न्हवतं म्हणलं," ती म्हणाली, "तर मग माझ्या चुलीम्होरं बसलं कोण हुतं?"

मी तिच्या पुढ्यातल्या निम्म्या मिरच्या माझ्याकडं ओढल्या आणि देठं काढायला बसले.

पुतळ्याच्या मिशांचं मी तिला सांगितलं नाही. वाटलं, मिशा तर मिशा, फलकावर तो एक शब्द आला म्हणजे झालं. भावानं मला मोबाईलवर मजकूर पाठवला होता, त्यात दुसऱ्या ओळीत "पाणबुडीवरील स्वयंपाकी" असं स्पष्ट होतं. मी तो काकीला वाचून दाखवला. तिनं त्या दिवशी स्वतःहून पेढा खाल्ला.

कार्यक्रमाच्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. डिजिटल फलक दोन मजले उंच. त्यावर आबांचं तोंड, खाली जमिनीवरच्या सैनिकाचा हिरवा वेष, हातात बंदूक. मागं एक पाणबुडी, तिच्या टपावर रणगाड्यासारखी तोफ, आणि वरून उडणारी विमानं. त्याखाली गॉगल घातलेली मंडळाची सगळी थोबाडं, जणू यांनीच सगळ्यांनी मिळून समुद्र पोहून काढला होता. स्टेजच्या मागं चुलतवहिन्या कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या. ज्या घरानं काकीच्या बांगड्या फोडल्या, पांढऱ्या कपाळानं तिला शुभकार्यात मागं ढकलली, ते घर आता पुढारलं होतं. जिल्ह्यात गावोगाव विधवा प्रथा बंदीचे ठराव झाले, त्यामुळं कुंकू लावतानाचा फोटो चांगला जातो. काकीनं हातानंच त्यांना बाजूला सारलं.

पाहुणे यायचे तेव्हा आले. पडदा सरला. टाळ्या, फटाके, हलगी. काकी पुतळ्याकडं बघत राहिली. मग तिनं माझा हात धरला, तिला लांबचं वाचता येत नाही. "खाली काय लिवलंय?"

मी वाचलं. "टॉर्पेडोवीर. शत्रूच्या तीन युद्धनौकांना जलसमाधी देणारे पाणबुडी योद्धा."

"सैपाकी?"

"नाही काकी."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. लहान अक्षरात खाली शिल्पाच्या देणगीदारांची नावं होती. भाऊ स्टेजवर पाहुण्यांच्या कानात हसत काहीतरी सांगत होता. अंबाबाईची शपथ घेऊन त्याच्या पोटातलं पाणीसुद्धा हललं नव्हतं. मी म्हटलं, काकी, चल घरी. ती म्हणाली, "थांब."

निवेदकानं तिला वर बोलावलं. शाल घातली, नारळ दिला, साडी दिली, डोक्यावर फेटा बांधायला निघाले तो तिनं बांधू दिला नाही. मग निवेदक भरल्या गळ्यानं म्हणाला की वीरपत्नी दोन शब्द बोलतील. बोलतील असं त्यालाही वाटत नव्हतं, म्हाताऱ्या बाया नुसते हात जोडतात आणि बसतात. काकीनं माईक घेतला. तो उलटा धरला होता, पाहुण्यांनी सरळ करून दिला.

"मी ह्या माणसाला वळखत न्हाई," काकी म्हणाली.

हलगीवाल्यानं अजून एक थाप मारली आणि थांबला.

"ह्यो मिशीवाला कोण मला ठावं न्हाई. ह्याची बायकू कोण आसंल तर तिला बलवा आन ही शाल तिला द्या. आमचं मालक बारीक हुतं. त्यास्नी मिशा न्हवत्या. त्ये पाणबुडीवर सैपाकी हुतं. त्यांनी कुणाला बुडीवलं न्हाई. बोटीवरच्या समद्यांस्नी जेवू घातलं आन त्यांचं खरकटं बुडवायला गेलं तवा गेलं. बोट माघारी आली, त्ये आलं न्हाईत."

तिनं शाल काढली, घडी घातली, नारळ त्यावर ठेवला आणि दोन्ही खुर्चीवर ठेवलं. निवेदक भानावर आला आणि ओरडला, "माउली भावुक झालेल्या आहेत! जोरदार टाळ्या!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. एवढं सगळं कानावर पडलं, आणि सांगितल्याबरोबर हात चालायला लागले. माझ्या शेजारचा एकजण तर शिट्टी मारत होता. मला त्या सगळ्या गर्दीची किळस आली.

काकीला हाताला धरून मी पायऱ्या उतरवल्या. भाऊ मागून धावत आला. तोंड लालभडक, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज दाबून धरलेला.

"काकी, काय केलंस ह्ये? साऱ्या गावाम्होरं? खरकटं टाकणाऱ्याची बायकू म्हणवून घ्यायचं हाय व्हय तुला?"

काकी थांबली. त्याच्याकडं वळली.

"व्हय," ती म्हणाली. "त्येवढंच म्हणवून घ्यायचं ऱ्हायलं हुतं."